जीन : खानदेशातल्या एका इंग्रजी शब्दाची गोष्ट

इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन मी पिंपळनेरला घरी आलो, तेव्हा आजीने एकच प्रश्न विचारला होता. "तू इंजिनेर व्हयना ना? मंग तुनं इंजिन कोठे शे?" घरातले सगळे हसले. मी लॅपटॉप उघडून दाखवला. तिने जरा वेळ स्क्रीनकडे पाहिलं, कान जवळ नेला आणि म्हणाली, "याना तं आवाजच नही."

हा किस्सा मी हॉस्टेलच्या मित्रांना बरीच वर्षं विनोद म्हणून सांगितला. विनोद माझ्यावरच आहे, हे फार उशिरा कळलं.

आजीच्या डोक्यातला इंजिनेर म्हणजे जीनमधला इंजिनेर. लग्नानंतरची काही वर्षं ती दिवाळी झाली की गावातल्या चार-पाच बायकांबरोबर खाली धुळ्याकडच्या एका जीनमध्ये कामाला जायची, ती होळीच्या आसपास परत यायची. आमच्या वरच्या अंगाला भात आणि कांदा. कापसाचा खरा मुलूख खाली. त्या जीनमध्ये एका वेगळ्या खोलीत मोठं ऑइल इंजिन होतं आणि त्या खोलीत एकच माणूस असायचा. मालक सोडला तर सगळे त्याला वचकून. त्याच्याकडे कसलीही डिग्री नव्हती, पण इंजिन बंद पडलं की दीडशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. त्याला सगळे इंजिनेर म्हणत.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणारं यंत्र म्हणजे जीन. पण आमच्याकडे हा शब्द यंत्रापुरता राहिलेला नाही. अख्खा कारखाना म्हणजे जीन. "कापूस जीनला गेला", "जीनवर आज काय भाव?", "जीनच्या मागच्या गल्लीत राहतो" अशी त्याची चाल. कारखाना बंद पडून भिंती तेवढ्या उरल्या तरी त्या जागेचं नाव जीनच राहतं. हा शब्द इंग्रजी आहे, हे मलाही कॉलेजपर्यंत माहीत नव्हतं. खळं, गोठा, वखार यांच्या रांगेतलाच एक वाटायचा.

मग पुण्यात नोकरीला लागल्यावर एका पार्टीत कोणीतरी विचारलं, "जिन घेणार का?" आणि माझ्या डोळ्यांसमोर कापसाने भरलेला ट्रॅक्टर आला. त्या रात्री घरी येऊन शब्द शोधायला बसलो. एवढासा शब्द, पण त्याच्या आवाजाच्या आडोशाला किती वेगवेगळी मंडळी राहतात, ते पाहून थक्क झालो.

आधी ज्यांचा आमच्या जीनशी काही संबंध नाही, त्यांना बाजूला करतो. बाटलीतली जिन ही जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांवरून आली. लॅटिन जुनिपरस, त्याचं फ्रेंचमधून डचमध्ये येनेव्हर, इंग्रजांनी त्याचं केलं जिनिव्हा आणि पुढे आळसाने जिन. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहराशी तिचं नातं नाही, नुसता उच्चाराचा घोटाळा आहे. १८व्या शतकात लंडनच्या गरीब वस्त्यांमध्ये या दारूने इतका धुमाकूळ घातला की १७३६ आणि १७५१ मध्ये तिच्यासाठी खास कायदे करावे लागले. घोड्यावरचं जीन फारसी, 'झीन'वरून आलेलं. मोल्सवर्थच्या मराठी कोशात ते आहेच, आणि ते शिवणारे ते जीनगर. पँटची जीन इटलीतल्या जिनोआ बंदरावरून. तिथून येणाऱ्या जाड सुती कापडाला इंग्रज 'जीन' म्हणू लागले. डेनिम असंच फ्रान्समधल्या नीम गावावरून आलं. आणि यांच्याच जातीचं तिसरं कापड, डंगरी, ते आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. जगभरच्या गॅरेजांमधले मेकॅनिक अंगात घालतात त्या कपड्याच्या नावात डोंगरी आहे, हे कळल्यावर मला उगाचच अभिमान वाटला होता. माझं त्यात काडीचंही कर्तृत्व नाही, पण असो.

राहिला जिन्न. लहानपणी आम्हाला पांझरेच्या काठच्या चिंचेवर जिंद असतो म्हणून घाबरवायचे. हा अरबी. त्याच्या ज-न-न या धातूचा अर्थ झाकणं, लपवणं. न दिसणारा तो जिन्न, झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत, आणि ज्याच्या अंगात जिन्न शिरला तो मजनून, म्हणजे आपला मजनू. पण इथे एक गंमत झाली. १८व्या शतकाच्या सुरुवातीला आंत्वान गालाँ या फ्रेंच माणसाने अरबी सुरस कथा फ्रेंचमध्ये आणल्या. जिन्नला काय म्हणावं? फ्रेंचमध्ये 'जेनी' हा शब्द आधीच होता. लॅटिन 'जीनियस'वरून आलेला. प्रत्येक माणसाबरोबर जन्मापासून असणारी जी अदृश्य शक्ती, ती जीनियस. आवाज जुळला, अर्थही जरासा जुळला, आणि दिव्यातून निघणारा अरबी जिन्न युरोपात लॅटिन अंगरखा घालून वावरू लागला. त्याच फ्रेंच भाषेत 'जेनी सिव्हिल' म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंग! अल्लाउद्दीनच्या दिव्यातला राक्षस आणि पूल बांधणारा साहेब एकाच शब्दात.

इथून आमच्या जीनच्या दाराशी पोचतो.

कापसाची जीन म्हणजे 'इंजिन' या शब्दाचं पुढचं अक्षर गळून उरलेलं शेपूट. जुन्या फ्रेंचमध्ये 'आंजाँ', त्यामागे लॅटिन 'इंजेनियम'. आणि इंजेनियम म्हणजे यंत्र नव्हे. इंजेनियम म्हणजे माणसात जन्मतःच असलेली बुद्धी, अंगची हुशारी. त्यातला 'जेन' आणि आपला संस्कृत 'जन्' हा धातू एकाच मुळाचे. जन्म, जनक, जाती, जन हे सगळे त्या घरचे. (मराठीत इंजेनियमला 'उपजत' हा शब्द चपखल बसतो. मला वाटलं तोही याच घरचा असणार. नाही. तो 'उत्पद्यते'मधल्या 'पद्'वरून आला. दिसणं आणि असणं यातला फरक शब्दांइतका कोणी शिकवत नाही.)

मध्ययुगातल्या इंग्रजीत 'जिन' म्हणजे आधी हुशारी, मग चलाखी, मग डाव. डाव म्हणता म्हणता तो सापळा झाला. ससे-पाखरं पकडायच्या फासालाही जिन म्हणत, आणि दातेरी लोखंडी जबड्याचा जिन सापळा इंग्लंडमध्ये १९५८ साली बंदी येईपर्यंत वापरात होता. त्याच शब्दाने पुढे वजन उचलायचं यंत्र, घोड्यांनी फिरवायचा खाणीवरचा रहाट, काहीही ओळखलं जाऊ लागलं. डोक्यात होतं ते हातात आलं आणि हातातून सुटून यंत्रात गेलं. मराठीने हाच प्रवास आपल्या पायांनी केलाय. संस्कृत 'कला'ची मराठीत 'कळ' झाली. कळ म्हणजे कसब, कळ म्हणजे युक्ती, आणि कळ म्हणजे दाबायचं बटण. मी दिवसभर दाबतो त्याही कळाच.

आता यंत्राकडे. शाळेत आपण शिकतो की कॉटन जिनचा शोध अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ मध्ये लावला. ते अर्धंच खरं आहे. कापसातून सरकी काढायची युक्ती आमच्या डोंगराच्या पलीकडे, अजिंठ्यात रंगवलेली आहे. डीटर श्लिंगलॉफ या जर्मन अभ्यासकाने १९७४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांमधलं कापसाचं काम ओळखून दाखवलं, आणि त्यातली एका रुळाची जीन हा या यंत्राचा सगळ्यात जुना पुरावा मानला जातो. पाचव्या शतकातला. पद्धत साधी: सपाट पाटावर कापूस ठेवायचा आणि लाटण्यासारखा रूळ फिरवायचा, सरकी निसटून एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला. पुढे दोन रुळांची चरखी आली. एक दांडा फिरवला की आट्यांच्या दात्यांमुळे दोन्ही रूळ उलटसुलट फिरतात. उसाच्या चरकाचा धाकटा भाऊच. ही चरखी इंग्रजीत 'चुर्का' म्हणून गेली, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर पिकणारा लांब धाग्याचा कापूस व्हिटनीच्या आधीपासून अशाच रुळांच्या यंत्रांवर साफ व्हायचा.

अडचण होती आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची. त्याची सरकी रुईला घट्ट धरून बसते. व्हिटनीने तारांचे आकडे लावलेलं नळकांडं फिरवलं, समोर बारीक फटींची जाळी ठेवली; आकडे रुई ओढून नेत, सरकी जाळीवर अडकून खाली पडे. १४ मार्च १७९४ ला पेटंट मिळालं. आता धंद्याची गोष्ट. व्हिटनी आणि त्याचा भागीदार मिलर यांनी यंत्रं विकायची नाहीत असं ठरवलं. शेतकऱ्याने कापूस आणायचा, आम्ही जिन करून देऊ, मोबदला म्हणून पाचातले दोन हिस्से आमचे. आजच्या भाषेत सबस्क्रिप्शन. लोक भडकले, लोहारांकडून नकला बनवून घेतल्या, आणि व्हिटनीची वर्षं कोर्टात गेली. माझ्या धंद्यातल्या कोणालाही ही गोष्ट सांगितली की तो ओळखीचं हसतो.

पण हसण्यासारखं पुढे काही नाही. सरकी काढायचं काम यंत्राने सोपं केलं, कापूस वेचायचं काम हाताचंच राहिलं. जितका जास्त कापूस साफ होऊ शकतो, तितका जास्त लावायचा, आणि वेचायला तितकी जास्त माणसं हवीत. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ४० लाखांच्या घरात. सगळं पाप एका यंत्राच्या माथी मारता येणार नाही, तरी त्या आकड्यांच्या मधोमध जीन उभी आहे, हे खरं.

आणि तिथूनच ती खानदेशात आली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्याच वर्षांमध्ये जीआयपी रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे सरकत होती. कापसाचे भाव असे चढले की जळगावसारखं गाव बघता बघता मोठी बाजारपेठ झालं. कापसात माती-दगड घालून वजन वाढवण्याचे प्रकारही इतके वाढले की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, मुंबईचा शेअरबाजार कोसळला, पण रेल्वे राहिली आणि वाफेवर चालणारी जीनही राहिली. व्हिटनीची करवतीच्या पात्यांची जीन मात्र आपल्या देशी कापसाला मानवली नाही. ती आखूड धागा तोडायची, सरकी फोडायची. इथे रुजली ती मॅकार्थी या अमेरिकन माणसाने १८४० मध्ये पेटंट घेतलेली, चामड्याच्या रुळाची. म्हणजे जुन्या चरखीचीच दूरची वंशज, ओल्डहॅमहून जहाजात बसून परत माहेरी आलेली.

घरोघरच्या चरख्या मात्र थांबल्या. चरखी फिरवणाऱ्या बहुतेक बायका होत्या, आणि जीनमध्ये रुळांसमोर कापूस टाकायला उभ्या राहिल्या त्याही बायकाच. काम तेच. घर बदललं, वेळ बदलली.

किती वेळ? इथे मला या सगळ्या शोधातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सापडली, आणि तीही शब्दाच्या अर्थाचीच आहे. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यात 'फॅक्टरी' कशाला म्हणायचं याची व्याख्या होती: यंत्रशक्ती हवी, किमान १०० कामगार हवेत, आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त काम चाललं पाहिजे. जीन चालते सीझनपुरती. व्याख्येतल्या त्या एका अटीपाशी जीन फॅक्टरी राहिलीच नाही. आम्ही प्रोग्रॅममध्ये अशी अट एका ओळीत लिहितो आणि तिच्या पलीकडे काय सुटून जातं ते नंतर, तक्रार आल्यावर बघतो. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे हे सुटलेलं बाहेर आलं. खानदेशातल्या जीनमधल्या बायका पहाटे चार-पाचला कामाला लागत आणि रात्री आठ-दहाला सुटत. काम जोरात असलं की रात्रही कामातच जाई. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांची सभा भरवून याच कमिशनकडे मागण्या मांडत होते. खानदेशातल्या बायकांसाठी सभा भरवणारं कोणी नव्हतं. १८९१ च्या दुरुस्तीत कामगारांची संख्या १०० वरून ५० वर आली आणि बायकांचा दिवस ११ तासांचा ठरला. कागदावर तरी.

आजीला मी विचारलं होतं, तुमचे किती तास? ती म्हणाली, भोंगा ते भोंगा. घड्याळ इंजिनेरच्या खोलीत होतं.

अजून एक धागा राहिला. १०० किलो कापूस जीनमध्ये घातला तर रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो. बाकी मुख्यतः सरकी. नफा रुईवर मोजला जातो, पण वजनाने बघाल तर जीन हे सरकीचंच यंत्र आहे. घरी चरखी होती तोवर शेतकऱ्याची सरकी शेतकऱ्याकडेच राहायची. चांगल्या झाडाची बाजूला काढून पुढच्या वर्षी पेरायची, उरलेली म्हशीला. जीन आल्यावर दहा गावांचा कापूस एका ढिगात पडू लागला आणि बियाणं म्हणून परत मिळू लागली ती मिसळलेली सरकी. आखूड धागा, लांब धागा, रोगट, निरोगी, सगळं एक. १९१७-१८ च्या इंडियन कॉटन कमिटीला या भेसळीची दखल घ्यावी लागली. त्यातून पुढे १९२३ चा कापूस वाहतुकीचा आणि १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला.

म्हणजे जीनने जीन मिसळले. हा दुसरा जीन, ज्याला मराठीत जनुक म्हणतात, तो शब्द डेन्मार्कच्या योहानसेनने १९०९ मध्ये ग्रीकवरून बनवला, आणि तोही 'जन्'च्याच घरातला. यंत्रातली जीन, पेशीतला जीन, दिव्यातल्या जिन्नचा लॅटिन अंगरखा, इंजिनिअर आणि जन्म ही सख्खी भावंडं. बाटली, पँट आणि खोगीर नुसते नामसाधर्म्याचे पाहुणे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि जिवाणूतला एक जनुक खानदेशाच्या शिवारात उगवू लागला. ते बियाणं संकरित. घरची सरकी पेरून तसं पीक येत नाही. त्यामुळे जीनमधून परत आणलेली सरकी पेरायची, हे आता कोणाच्या मनातही येत नाही. ती तेलाला आणि ढेपेला जाते, बियाण्याची पाकिटं दुकानातून येतात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने त्या जनुकाला दाद दिली नाही, तेव्हा महाराष्ट्रभर उभी पिकं गेली. या अळीचे पतंग साठवलेल्या कापसातून बाहेर पडतात, म्हणून आता जीनच्या आवारात कामगंध सापळे लावायला सांगतात. जीनमध्ये सापळा! आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला यात काही वेगळं वाटलं नसतं. त्याच्या लेखी दोन्ही एकच.

आमच्या ऑफिसात हल्ली कोड लिहून देणाऱ्या यंत्रांचीच चर्चा असते. कोणाचं काम राहील, कोणाचं जाईल. जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की मला चरखी आठवते, आणि मी गप्प बसतो, कारण चरखीवाल्या बायका घरी बसल्या नाहीत, त्या जीनमध्ये गेल्या, हे सांगून कोणाला धीर येईल असं वाटत नाही.

गेल्या दिवाळीत हे सगळं आजीला सांगायचा प्रयत्न केला. इंजिन म्हणजे मुळात यंत्र नाही, माणसातली हुशारी. जीन म्हणजे डाव, युक्ती. ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती. रुईच्या धुळीने लागलेला खोकला अजून आहे. थंडी पडली की वाढतो. माझं ऐकून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, लक्षच नव्हतं. मग म्हणाली, "आमना इंजिनेर भला माणूस व्हता. मालक गावले गया का भोंगा पाच मिनिट आगोदर वाजाडी दे."

"आणि मालकाला कळत नसे?"

"घड्याळ त्यानाच खोलीमा व्हतं ना," आजी म्हणाली, आणि लसणाची पुढची गड्डी फोडली.